पायाने दाबायची डबी

“आवं हंबीरराव, तुमच्या पार्टीत पोरीनं गिटार वाजवली तर चालंल का?”

मित्रांनो, हा प्रश्न अंजनाने आष्ट्याच्या भर बाजारात विचारला. पैज लावून धाडणाऱ्या तिच्या मैत्रिणी कापडाच्या दुकानाआड खिदळत होत्या. हंबीररावांची ऑर्केस्ट्रा पार्टी साऱ्या पंचक्रोशीत गाजलेली. त्यांनी अंजनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“पलूसच्या गणपतीत वाजीव. लोकांनी ‘वन्स मोअर’ म्हटलं, तर पार्टीत ये. न्हाई तर गप शाळा शीक.”

हे सगळे मी तिच्या दप्तरात बसून ऐकत होते. मी कोण? मी ओव्हरड्राइव्हची लोखंडी डबी! गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधोमध माझी जागा. मला पायाने दाबले की गिटारचा गोड आवाज भरदार, खरखरीत होतो. रंगात येऊन गाणाऱ्याचा गळा बसावा, अगदी तसा.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. अंजनाचे कृष्णातमामा पलटणीच्या बँडात गिटार वाजवायचे. त्यांनी मला मुंबईहून आणले. पलटणीत थोरला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला अँप्लिफायर होता. माझे खरखरीचे बटण कमी, आवाजाचे जास्त ठेवून मामा त्याला नुसते ढोसायचे. मग व्हॉल्व्ह तापून आपणच गाऊ लागत. काय ते दिवस! मामा निवृत्त झाले, अँप्लिफायर पलटणीतच राहिला आणि गिटारीसकट मी भाचीकडे आले.

इथे मात्र माझी पंचाईत झाली. अंजनाने पाय उचलला तोच तिची आई, चंद्राबाई, ओरडली, “अगं ये! वाद्याला पाय लावतीस? सरस्वती हाय ती!”

झाले! मला चौरंगावर बसवले, कुंकू लावले, वर झेंडूचे फूल. अंजना मला हाताने दाबायची, म्हणजे गिटारवरचा हात सुटायचा आणि सूर तुटायचा. कुंकू बटणात शिरून मी चर्रचर्र करू लागले. पूजा रोज व्हायची, काम मात्र होत नव्हते. असे देवपण कोणाला हवे हो?

पलूसच्या तालमीत दुसरेच संकट उभे राहिले. मंडळाचा अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा, त्यात तापून गाणारे व्हॉल्व्हच नाहीत. अंजनाने माझी बटणे मामांसारखीच लावली आणि स्पीकरमधून असा कर्कश आवाज निघाला, की मंडळाचे आप्पासो कानांवर हात ठेवून म्हणाले, “पोरी, गिटार वाजवतीस का पत्रा कापतीस?”

दुसरी एखादी रडली असती. ही हसली! “आप्पासो, तुमचा अँप्लिफायर ढोसला म्हणून गात न्हाई. त्याला आयतं गाणं द्यावं लागतंय.” तिने फुंकून फुंकून माझ्यातले कुंकू उडवले. मग आवाजाची धार कमीजास्त करणारे बटण पार खाली आणले, खरखर जराशी वाढवली आणि आवाज साध्या गिटारीइतकाच ठेवला. मी एकदम मऊ, भरीव बोलू लागले. आप्पासोंनी कानांवरचे हात काढले.

कार्यक्रमाला आईवडील पहिल्याच रांगेत होते. मी स्टेजच्या फळीवर, तिच्या पायाशी. चाल अर्ध्यावर आली. दोन्ही हात तारांवर. आता मला दाबले नाही तर सगळेच फिके पडणार! अंजनाने क्षणभर एक हात सोडला, वाकून मला नमस्कार केला, आणि अनवाणी पाय दणकन ठेवला.

चंद्राबाईने तोंडावर पदर घेतला. पण माझा आवाज मांडवभर पसरला, आणि मागून शिट्ट्यांबरोबर गलका उठला, “वन्स मोअर! वन्स मोअर!” हंबीरराव विंगेत उभे राहून मान डोलवत होते. इतक्या वर्षांत माझे असे कौतुक कधी झाले नव्हते.

मित्रांनो, वस्तूला फुले वाहून कोपऱ्यात ठेवू नका. तिची धूळ पुसा, तिच्या पोटातला जुना बॅटरीचा सेल सडू देऊ नका, ज्या अँप्लिफायरला जोडाल त्याचा स्वभाव ओळखा आणि तिला कामाला लावा. आम्हाला तेवढेच हवे असते.

घरी जाताना चंद्राबाई म्हणाली, “लावलास न्हवं शेवटी पाय?”

“नमस्कार करून लावला, आई.”

वडील लालासाहेब नुसतेच मिशीत हसले. ते पाहून अंजना रस्त्यातच थांबली.

“आई, बाबा, आत्ताच सांगते. दहावीचा अभ्यास करीन, शाळा एक दिस बुडवणार न्हाई. पर हंबीररावांच्या पार्टीत मी वाजवणार. त्यांना ‘येते’ म्हणून सांगूनच आलीय!”