आधी विडा

शिबपूरच्या बागेत दर रविवारी झाडापानांची चित्रं शिकवायचा वर्ग भरे. निभाननींचं धोत्र्याचं फूल याही खेपेला सपाट आलं.

"काकिमा, हे फूल आहे की इस्त्री केलेला रुमाल?" शेजारी बसलेली तनिमा म्हणाली.

शिक्षक तथागत यांनी हसू दाबलं. "आधी सांगाडा काढा, काकिमा. मधोमध दांडी, तिच्यावर शंकू, शंकूच्या तोंडाशी लंबगोल. पाकळ्या सगळ्यात शेवटी."

"लक्ष्मीपूजेला आल्पनेची रांगोळी काढता काढता म्हातारी झाले मी. कमळाचा सांगाडा कुणी मागितला नाही!" निभाननी फणकारल्या.

पण खोडून खोडून कागद फाटायला आला होता. रागारागानं त्यांनी पानाचा डबा उघडला. पानाला चुना फासला, ते गुंडाळून आत सुपारी टाकली. आता लवंग टोचून विड्याचं तोंड मिटणार, तोच हात थबकला.

बोटांत शंकू होता. जरा तिरका धरला की त्याचं तोंड लंबगोल दिसत होतं. मेला, जन्मभर हाच तर वळत आले!

विडा समोर ठेवून त्यांनी दांडी, शंकू, लंबगोल काढला आणि त्या काठावर पाकळ्या बसवल्या. फूल कागदातून उठून आलं. आत मुंगी शिरली तर हरवेल, इतकं खोल.

तथागत बघतच राहिले. "जमला की शंकू!"

"शंकू तुमचा. हा माझा विडा."

पुढच्या रविवारी नव्या मुलीचं फूल सपाट आलं. तथागत तिच्यामागे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पाकळ्या नंतर. आधी विडा काढ."