पालथ्या बशा

रांधणारी आत आणि ढेकर देणारा बाहेर, हे घरोघरी चालतं. या घरात तर शास्त्रही तसंच चाललं होतं!

पिकाच्या मुळांची कुज थांबवणारा जंतू सापडला, म्हणून वार्ताहर सासूबाईंच्या मुलाकडे आला होता. पण जंतू वाढला सुनेच्या हातून, घरातल्या मागच्या खोलीत. नवराबायको एका संशोधन संस्थेत नकोत, असा नियम. मुलगा तिथे शास्त्रज्ञ झाला आणि तेवढीच शिकलेली सून घरात काचेच्या झाकणबशांत, थिजवलेल्या खळीवर जंतू वाढवत बसली. पाच वर्षं!

"बाईंची मदत होते?" वार्ताहराने विचारलं.

"होते ना. बशा धुते, टिपणं उतरवते," मुलगा म्हणाला.

दारातली सून आत वळली. सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार कुठल्या तोंडाने? त्या बशांना 'सुनेचा कुजका संसार' हे नाव त्यांनीच तर पाडलं होतं.

फोटोसाठी सगळे मागच्या खोलीत गेले. फळीवर बशा पालथ्या मांडलेल्या.

"या कोणी उलट्या ठेवल्या?" मुलगा भराभर त्या सुलट्या करू लागला.

"हात काढ!" सासूबाई कडाडल्या.

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"मी चौथी नापास! पण एकदा आवरताना मीच त्या सुलट्या केल्या. झाकणाला धरलेलं वाफेचं पाणी जंतूंवर गळालं, तीन महिन्यांचं काम नासलं. पोर भिंतीकडे तोंड करून रडली. मला एवढंच म्हणाली, 'आई, या पालथ्याच ठेवायच्या.' हे मला अडाणीला ठाऊक, आणि शोध लावणाऱ्याला नाही? अरे, या खोलीत कधी पाऊल तरी टाकलंस?"

वार्ताहर हे भराभर लिहून घेऊ लागला. मुलाने हातातली बशी खाली ठेवली.

"अहवालावर माझं एकट्याचं नाव आहे," तो पुटपुटला. "उद्या छापायला जातोय."

"म्हणजे अजून गेला नाही! आण इकडे. हिचं नाव वर घाल, माझ्यासमोर!"

त्याने अहवाल आणला. सुनेचं नाव त्याने पहिलं लिहिलं. "चुकलो गं," बायकोला म्हणाला.

सून बशा पुन्हा पालथ्या करत होती. "तुमचंही राहू दे खाली," ती शांतपणे म्हणाली. "टिपणं उतरवून नेलीत ना!"

सासूबाई खळखळून हसल्या, मग पदराने डोळे पुसून, 'कुजका संसार' म्हटल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

लोकहो, 'मदत' या झाकणाखाली आपल्या घरात कोणाची अक्कल दडपली आहे, ते उघडून बघा. आणि सासवांनो, आधी आपण बघू!