धबधब्याची तारीख

आमची सहल दर रविवारी ठरायची आणि सोमवारी दुकानाचं शटर वर गेलं की मोडायची. ताईला त्यात काही खटकायचं नाही. मला खटकायचं. मला तसं सगळंच खटकतं असं ताई म्हणते, पण ताईचं काय सांगावं, सुई बोटात घुसली तरी ती सुईची माफी मागेल.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. नवीन कपडे शिवणं आम्ही केव्हाच सोडलं. आता लोक तयार कपडे घेतात आणि आमच्याकडे येतात ते पँट आखूड करायला, चेन बदलायला, सुटलेल्या पोटासाठी कंबर सैल करून घ्यायला. ताई मशिनवर, मी इस्त्री आणि हातशिलाईवर. मधलं दार कायम उघडं, कारण मागच्या खोलीत आईची खाट. आई एके काळी कापड बेतण्यात इतकी तरबेज होती की गिऱ्हाईक उंबरठा ओलांडेपर्यंत तिने नजरेनेच माप घेतलेलं असायचं. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली. उजवा हात आणि जीभ मात्र शाबूत, आणि जिभेने डाव्या हाताचंही काम अंगावर घेतलेलं. काही हवं असलं की ती पेल्यावर चमचा वाजवते. त्या आवाजाला मी झोपेतूनही उठते. कधीकधी तर तो वाजलेलाच नसतो.

धबधब्याचं खूळ आमच्या डोक्यात भरवलं ते शाळेतल्या खेळाच्या सरांनी. ते मुलांना डोंगरात घेऊन जातात आणि उसवलेल्या सॅक आमच्याकडे आणून टाकतात. एकदा मी सॅकचा पट्टा शिवत असताना ते उभ्या उभ्या सांगायला लागले. पहिली बस धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागून पायवाट सुरू होते. मग ओढ्याच्या कडेकडेने दाट रान, मग छातीवरची चढण.

"फारसं कुणी फिरकत नाही तिकडे," सर म्हणाले. "पाणी इतक्या उंचावरून येतं की खाली पोचेपर्यंत निम्म्याचा धूर होतो. आणि आवाज म्हणजे काय! शेजारच्या माणसाने हाक मारली तरी ऐकू येत नाही."

माझा हात थांबला. हाक ऐकू येत नाही अशी जागा. झाडं, डोंगर, पक्षी यांचं मला खरं तर फारसं कौतुक नाही. पण त्या दिवसापासून त्या जागेची मला अशी ओढ लागली की इस्त्रीची वाफ फुस्स झाली तरी मी मनाने तिथे जाऊन पोचायची.

आखणी ताईने हातात घेतली. बूट घालायचे की जुन्या चपलाच बऱ्या. अंडी उकडून न्यायची की नुसता पाव. एकच सॅक आळीपाळीने उचलायची की दोन न्यायच्या, यावरून तर आमच्यात अबोला झाला. बाजारात तुरी, दुसरं काय! आई आतून भर घालायची. "अंडी नेऊ नका गं, बसमध्ये लोक नाकं मुरडतील." "कोरडे मोजे घ्या, दोन जोड." "ताईला पुढे चालू दे. धाकटी पुढे गेली की मागे वळून बघत नाही." कधी आम्ही दोघी दमून गप्प झालो तरी आईचं चालूच असायचं.

घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. पहिल्या बसने जाऊन शेवटच्या बसने यायचं म्हणजे दिवस पूर्ण गेला. शेजारच्या काकू तासभर बसायला एका पायावर तयार, पण आईला कुशीवर वळवायचं, उचलून खुर्चीत बसवायचं, हे त्यांच्या कंबरेला झेपत नाही. त्या रानात एकटीने जायचं नाही असं सरांनी बजावलेलं, त्यामुळे आळीपाळीने जाणंही गेलं. गल्लीच्या टोकाला एक शुश्रूषा केंद्र आहे. आजारपणात आईला तिथे ठेवलं होतं. घरी आणलं त्या दिवशी तिने उजव्या मुठीत आमच्या दोघींची बोटं धरली होती आणि म्हणाली होती, "पुन्हा तिथे टाकू नका. परकी माणसं कपडे बदलतात." आम्ही शब्द दिला होता.

एका दुपारी ताई पडद्याला दुमड घालत होती. वखारीपासून पुढे वाट कशी जात असेल यावर आमचं बोलणं चाललं होतं. आई आतून म्हणाली, "ते सगळं खरं. तारीख काय ठरली?"

"बघू गं," ताई म्हणाली. "जरा मोकळं झालं की."

मशिन थांबलं. मोकळं कशाने होणार ते तिघींनाही एकदमच कळलं. पहिल्यांदा हसली ती आई. "म्हणजे माझ्यावरच अडलंय होय! बरं, वरून बोलावणं आलं की आधी तुम्हाला कळवते. सॅक भरायला वेळ नको का?"

ताई रडायला लागली. मी चिडले. आईवर, ताईवर, त्या सरांवरसुद्धा. आई मरावी असं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. पण मी एका दिवसाची वाट बघत होते, आणि तो दिवस आईच्या पलीकडे होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं, पण ते काही पटेना.

त्यानंतर सहलीचं नाव कुणी काढलं नाही. सर सॅक घेऊन आले की मी त्यांना दारातूनच वाटेला लावायची. आईने चमचा वाजवणं कमी केलं. तहान लागली तरी वाजवायची नाही, आणि तिचे सुकलेले ओठ बघून मला आणखी राग यायचा. कुणाचा ते विचारू नका.

एका रविवारी मी तिचे केस विंचरत होते. ताई बाजारात गेली होती.

"सहल का बंद केलीत?" आईने विचारलं.

"कुठली सहल?"

"उगाच आव आणू नकोस. मी इथे पडल्या पडल्या रोज जाऊन येत होते. वखारीपर्यंत पोचले होते. पुढे तुम्ही नेलंच नाहीत."

मी गुंता सोडवत राहिले. म्हणाले, "तुला वाईट वाटेल असं वाटतं ताईला."

"आणि तुला?"

मी दुसरी बट विंचरायला घेतली.

"बेतलेलं कापड घडी करून ठेवलं की त्याला कसर लागते," आई म्हणाली. "मी गेल्यावर तुम्ही जाल, मला कळत नाही का? जा की. पण मग तो धबधबा कसा होता ते मला येऊन सांगणार कोण?"

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. इतके दिवस मला वाटत होतं की तिथे जावंसं फक्त मला वाटतंय.

"केंद्रातून रक्तदाब बघायला येते ना, त्या सिस्टरशी बोललेय मी," आई पुढे म्हणाली. "पुढच्या रविवारी केंद्रात दिवसभर ठेवून घेतील मला."

"तिथे नाही, आई. आम्ही शब्द दिलाय तुला."

"मला दिलाय ना? मग तो माझा झाला. मी परत करतेय."

"आणि कपडे बदलतील त्याचं काय?"

"डोळे मिटून घेईन," ती म्हणाली. "नीट विंचर, उजवीकडे राहिलंय."

त्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून केंद्रात नेलं. ताईने सिस्टरला इतक्या सूचना दिल्या की शेवटी आईच ओरडली, "निघा आता, बस चुकवाल!" बसमध्ये ताई शेवटच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती. वखार सापडली. ओढाही सापडला. ताईला पुढे चालू दिलं. चढणीवर ती दर वळणावर "दुरून डोंगर साजरे ते हेच" असं म्हणत थांबायची, आणि मी तिला मागून ढकलायची.

धबधबा सरांनी सांगितला तसा नव्हता. धूरबीर काही नाही, चांगलं जाडजूड पाणी काळ्या कातळावरून धाडकन खाली येत होतं. पण आवाजाचं त्यांनी खरं सांगितलं होतं. ताई काहीतरी म्हणत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं, एक अक्षर पोचत नव्हतं. मी एका दगडावर बसले. तोंडावर तुषार येत होते. किती वेळ गेला कोण जाणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझे कान कशाची वाट बघत नव्हते. ताईने खांदा धरून हलवलं तेव्हा वाटलं, आत्ता तर आलो! मला उठवेना. घरी बसून मला या जागेची जेवढी ओढ लागली होती, त्याहून कितीतरी जास्त तिथून निघताना लागली.

केंद्रात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सिस्टर दारातच भेटली.

"आलात एकदाच्या! दुपारपासून माझं डोकं खाल्लंय त्यांनी. 'बस आली का, बस आली का.' जेवल्यासुद्धा नाहीत धड."

ताई माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात केंद्राचा गाऊन, खांदे ओघळलेले, तिच्या मापाच्या कितीतरी बाहेर. आमची चाहूल लागली तशी तिने मान वळवली आणि आमचे चिखलाचे बूट बघितले.

"पोचलात?"

"पोचलो," मी म्हणाले.

"पाणी होतं?"

"भरपूर."

मग तिने विचारलं, "तिथे माझी आठवण आली?"

"अगं, सारखी!" ताई म्हणाली. "एकेका पावलाला तुझंच नाव..."

आईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. ताईने दिलेलं उत्तर माझ्याही जिभेवर तयार होतं, काही कष्ट पडले नसते. पण तिने शब्द परत केला होता, दिवसभर परक्या हातांत पडून राहिली होती, ते खोटं ऐकायला नाही.

"नाही आली," मी म्हणाले. "तिथे बसले होते तोवर एकदाही नाही."

ताईने मला कोपर मारलं. आईने डोळे मिटले. ते मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "बरं झालं. मलाही नाही आली तुमची. दिवस कसा गेला कळलंच नाही."

मग तिने उजव्या हाताने माझी ओली बाही धरली, ती घरी खाटेवर निजवेपर्यंत सोडली नाही.