बिनसंवादाचं मरण

झाडीपट्टीच्या नाटकांत देवराव मरायचे. दुसरं काम त्यांना कोणी देत नसे, ते मागतही नसत. गोळी लागल्यावर ते इतकं बोलत की गोळी मारणारा विंगेत जाऊन चहा पिऊन येई. शेवटी पडायचे ते नेहमी उजव्या खांद्यावर. एवढे हंगाम मरून खांद्याचा स्नायू फाटला, म्हणून चंद्रपुरात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

वॉर्डात आणल्यावर देवरावांना वाटलं, कोणीतरी छातीवर धानाचं पोतं ठेवलंय. मान फुगून कानाला भिडली होती. श्वास अर्धाच आत जाई आणि तिथूनच माघारी फिरे. आवाज फुटेना. त्यांनी डोळे वटारले, डावा हात हवेत फिरवला.

कुरखेड्याहून भेटायला आलेली मंडळी खूश झाली.

"वा भाऊ! बेडवर पण सोडलं नाई!" नाटकातला खलनायक संघपाल म्हणाला.

देवरावांनी गळा धरला. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा प्लास्टर सावरत उठून बसला.

"वन्स मोअर!"

आपण आता खरंच जाणार, आणि तेही टाळ्यांच्या कडकडाटात, हे देवरावांना कळून चुकलं.

तेवढ्यात त्यांची बायको कांता चहाचा थर्मास घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, थर्मास संघपालच्या पायावर सोडला आणि दाराकडे धावली.

"डॉक्टर! माहा माणूस मरून राह्यला!"

"वहिनी, ॲक्टिंग हाय ते," संघपाल एका पायावर नाचत म्हणाला.

"अरे, हा माणूस चूप राहून कधी मेला काय?"

डॉक्टर आले. देवरावांना टेकून बसवलं, ऑक्सिजन लावला.

"ऑपरेशनच्या वेळी खांद्यात सोडलेलं पाणी मानेत चढलंय," ते म्हणाले. "आणि बधिर करायच्या इंजेक्शननं श्वासाचा अर्धा स्नायूही झोपलाय. दोन्ही मिळून इतका त्रास क्वचितच होतो. उतरेल."

"म्हणजे यात भाऊचं काईच नाई?" संघपालनं विचारलं.

"काहीच नाही."

"मंग टाळ्या तुमच्या, साहेब."

संध्याकाळी मान उतरली, इंजेक्शनही उतरलं. आधी श्वास परत आला. त्याच्या मागोमाग खांद्याचं दुखणं आलं. देवराव असे ओरडले की खिडकीवरचं कबुतर उडालं.

सिस्टर सुई घेऊन धावत आली. कांतानं तिला हातानं अडवलं आणि निवांत संत्रं सोलायला घेतलं.

"थांबा वं बाई. घटकाभर ओरडू द्या त्याईले. काय मस्त श्वास चालून राह्यला!"