दिवाणाच्या पोटातली वाकळ

मी वाकळ बोलतेय, जुन्या लुगड्यांची गोधडी. आवाज दबका येईल, तेवढं चालवून घ्या. उस्मानपुऱ्यात प्रमोदिनीबाईंच्या बैठकीतल्या दिवाणात, चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मी घडी होऊन पडलेय. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आणि ऐकायची मला खोडच आहे.

मला शिवलं सरूबाईनं. चितेगावच्या पलीकडं तिची वस्ती. वर हिरवं, खाली जांभळं आणि मधे मऊ झालेली जुनी लुगडी. सतरा दिवस ती धावदोरा घालत होती, दातानं दोरा तोडत होती आणि माझ्याशीच बोलत होती, "औंदा वाकळांचं काम लागलं तर ऊसतोडीला जायचं नाय. साळू सातवीत हाय. म्या कोयता धरला की पोरीची शाळा सुटलीच."

दिवाळीच्या तोंडावर शहरात बचत गटांचा बाजार भरला. तिथं प्रमोदिनीबाई आल्या. लेकीचा पहिला दिवाळसण, विहीणबाई घरी येणार. भेट घ्यायची ती करणाऱ्या हातांकडूनच, आणि घासाघीस न करता, असं बाईंनी मनाशी ठरवलेलं. मला उलटीपालटी करत त्यांनी विचारलं,

"पैसे तुम्हालाच मिळतात ना? मधे कुणी खात नाही ना?"

"मलाच मिळतेत ताई. पन कामच मिळंना."

"विहीणबाईंना आवडली की आमच्या मंडळासाठी अजून वीस सांगते बघा."

सरूबाईनं तो वीसचा आकडा दोनदा विचारून घेतला.

वसुबारसेला बाईंच्या नणंद कालिंदीबाई टपकल्या. पिशवीवरूनच मला बोटानं टोचलं.

"वहिनी, हे तर जुनेर!"

"जुनेर काय वन्सं, वाकळ आहे. हातानं शिवलेली. त्या बाईला पुरा मोबदला दिलाय मी."

"तिला दिलात हो. विहिणीला काय देताय? कुणाचं तरी नेसून विटलेलं लुगडं? सणासुदीला जुनेर विहिणीला देतात होय? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

झालं! दुपारीच वाघाचं चित्र असलेलं गुबगुबीत ब्लँकेट घरात आलं. दिवाणाची फळी वर गेली, मी आत.

इथं माझ्याआधीपासून तीन घड्याळं आणि दोन लेमन सेट आहेत. सगळ्या आलेल्या भेटी, पुढं सरकवायला ठेवलेल्या. माणसं हौसेनं देतात, हौसेनं घेतात आणि उघडत मात्र नाहीत.

आज भाऊबीज. विहीणबाई आल्या आणि नेमक्या दिवाणावरच बसल्या. त्यांच्यात नि माझ्यात एक फळी. वाघ बघून म्हणाल्या, "छान आहे हो." त्या कशालाही छानच म्हणाल्या असत्या. मग जरा थांबून,

"खरं सांगू का? मला याच्यात झोप येत नाही. लासूर स्टेशनला माझी आत्या होती, तिच्याकडं लुगड्यांची वाकळ असायची. पांघरली की आत्यानंच जवळ घेतल्यासारखं वाटायचं. आता कोण शिवतंय म्हणा!"

मी आत नुसती तडफडले. पण ही चेन आतून उघडत नाही.

कालिंदीबाईंनी चिवडा पुढं केला. आता बाईंनी मला बाहेर काढायचं तर "मग लपवली कशाला होती?" हेही आलंच.

तेवढ्यात फोन वाजला. बाई दिवाणाच्या कडेला सरकल्या. सरूबाईचा आवाज खणखणीत, मला इथवर आला.

"ताई, काय म्हनल्या ईहीनबाई?"

"अजून दाखवली नाही हो."

"आसं व्हय. मंग वीसचं?"

"कळवते."

"लवकर कळवा ताई. मुकादमाची गाडी परवा पहाटं लागतीया. भांडीकुंडी बांधली. साळूचं दप्तर तेवढं भायेर ठेवलंय."

फोन बंद झाला. बाई उभ्याच आहेत. विहीणबाई अजून माझ्या डोक्यावर बसलेल्या आहेत, पण त्यांच्या हातातल्या पिशवीची आवराआवर ऐकू येतेय.

प्रमोदिनीबाई, तुम्ही मनाच्या वाईट नाही, हे तुमच्या घराच्या पोटातून सांगतेय. लाज वाटेल, पण घडीभर. कालिंदीबाई नाक मुरडतील, मुरडू द्या. फळी मीच उचलली असती, पण मला हात नाहीत. ज्या हातांनी मला केलं ते परवा कोयता धरतील. जास्त काही बोलूच नका. एवढंच म्हणा, "विहीणबाई, जरा उठता का?"