वीतभर अंतर

कुशाबाईनं उजव्या हातातली पक्कड कडीत घातली आणि लोखंडी कपाटाची कडी एका हिसक्यात उचकटली.

"आत्या, अवो!" सून सुप्रिया स्वयंपाकघरातनं धावत आली. "ह्यांना कळलं तर?"

"कळू दे. चोरी करत न्हाय मी. माझीच वस्तू हाय."

साड्यांच्या घडीखाली तिचा बटणांचा फोन सापडला. तिनं तो पदरानं पुसला.

तीन महिन्यांपूर्वी बारामतीच्या दवाखान्यात तिच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. तेव्हापासून शेळगावच्या त्या घरात मुलानं, अविराजनं, जो कायदा लावला त्याला तोड नव्हती. वायफायचा डबा शेळ्यांच्या गोठ्यात गेला. शेळ्या आता शिकून शहाण्या होणार म्हणून गाव हसलं. रिमोटला हात लावायचा नाही. मिक्सर सुरू झाला की तिनं अंगणात जायचं. दारात वेताची पाटी ठेवलेली, येईल त्यानं फोन तिच्यात टाकायचा आणि मगच आत यायचं. शेजारची रतन चार दिवस आली, पण पाटीत फोन वाजला की तिचा जीव चहात राहीना. मग तिचं येणंच बंद झालं.

आणि कुशाबाईचा स्वतःचा फोन थेट कपाटात, कुलपाआड. नवऱ्यामागं तीन एकराची वांगी तिनं याच फोनवर विकली होती, भल्याभल्या व्यापाऱ्यांना वठणीवर आणलं होतं. आता व्यापारी अविराजशी बोलायचे आणि ती घरात माशा मारत बसायची. माणसाला जिवंत ठेवायचं आणि त्याचं तोंड बांधायचं, ही कुठली रीत?

तरी तिनं सोसलं. मशीनचं काम, नसती आफत नको. पण काल तपासणीला गेल्यावर अविराज औषधं आणायला खाली उतरला आणि तिनं मशीन तपासणाऱ्या पोरीलाच विचारलं.

"फोन? वापरा की आजी," पोरगी म्हणाली. "मशीन डावीकडे आहे ना, मग उजव्या कानाला लावा. मशीनपासून सहा इंच लांब असला की झालं."

"म्हंजी एक वीत?" कुशाबाईनं टेबलावर बोटं ताणली.

"वीत तर जास्तच झाली. फक्त पोलक्यात ठेवायचा नाही."

"अगं, आमच्यात समद्या बायका पोलक्यातच ठेवत्यात."

"तेवढं सोडा. टीव्ही, रिमोट, वायफाय, मिक्सर, सगळं वापरा, अंगाला चिकटवून धरू नका म्हणजे झालं. तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलंय सगळं. कागदही दिलाय."

म्हणजे त्याला माहीत होतं! घरी आल्या आल्या कुशाबाईनं पक्कड शोधून उशाखाली ठेवली.

"चार्जिंगला लावते," सुप्रियानं आता फोन तिच्या हातातनं घेतला. "कार्ड चालू हाय, आत्या. मी रिचार्ज मारत हुते."

"आगं बया! म्हंजी तू माझ्याकडनं?"

"मी कुणाकडनं न्हाय. पर बंद पडू द्यावं वाटलं न्हाय."

दुपारी अविराज वांग्याचे क्रेट भरून घरी आला. उघडं कपाट दिसलं, मग आईच्या हातातला फोन. तो दारातच थांबला.

"ठिवून दे, आई."

"न्हाय ठिवत. कागद वाचलावतास?"

"व्हय."

"मग मला येडी का ठरवलीस? कारभार काढून घ्यायचा हुता व्हय रं माझ्या हातातनं? तसं असलं तर तोंडावर सांग. मशीनच्या आडनं कशाला?"

अविराज नखातली माती काढत राहिला.

"तू रानात चक्कर येऊन पडलीस त्या दिवशी मीच फोन लावत हुतो. पाण्याची मोटार बंद कर म्हणून. सात येळा लावला. उचलंनास म्हणून राग आला, आणिक लावला. रतनकाकू वाफ्यात पोचली तवा तू आडवी पडल्याली, आन् फोन पोलक्यात वाजत हुता. छातीवर."

"डाक्टर म्हणला की, ठोकं आधीच मंद झाल्यालं. फोनचा काय संबंध?"

"म्हणला. समजतंय मला समदं." त्यानं मान वर केली नाही. "पर वाजवणारा मी हुतो."

कुशाबाईच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच थांबली. दोन पोरांचा बाप, आणि तीन महिने हे पोटात घेऊन फिरत होता. तिला भडभडून आलं. पण आत्ता माया केली तर फोन पुन्हा कुलपात जाणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं आणि फोन उजव्या कानाला लावला.

अविराजच्या खिशात वाजायला लागलं. त्यानं खिशावर तळवा दाबला.

"उचल."

"आई, नगं."

"उचल म्हंते. न्हायतर वाजू दे किती वाजायचं त्ये. मी हितंच उभी हाय."

पूर्ण वाजून फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. तोही बंद झाला. तिसऱ्या खेपेला त्यानं फोन बाहेर काढला, भिंतीकडं तोंड केलं आणि कानाला लावला.

"हॅलो," तो कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं बोल," कुशाबाई फोनमध्ये म्हणाली. "हितं कोण मेल्यालं न्हाय."