आज तीन वाजेपर्यंत

माझे सासरे अकरा सेकंद गप्प उभे राहिले आणि अख्ख्या नागपूरने ते सेकंद मोजले.

महापालिका निवडणुकीचा अर्ज भरून आल्यावर बुद्धविहारासमोर छोटी सभा होती. तीनदा नगरसेवक झालेला माणूस, आमच्या वस्तीत नळ आणणारा, वय अठ्ठ्याहत्तर. माइक हातात घेऊन "आपल्या प्रभागात" एवढंच म्हणाले आणि थांबले. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. सदर भागातल्या एका यूट्यूब चॅनलने त्या व्हिडिओच्या कोपऱ्यात सेकंदांचा आकडा पळवला आणि खाली लाल पट्टी टाकली : 'प्रेमानंदजी थांबले, की संपले?' दुसऱ्या दिवशी एका पोर्टलने कुठल्याशा डॉक्टरला बसवून विचारलं, या वयात डोकं किती काम करतं. त्या डॉक्टरने मामाजींना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे.

"अकरा सेकंद चूप बसले तं दुनिया बोंबलून राहिली," माझ्या सासूबाई सिंधूताई म्हणाल्या. "मी पन्नास वर्षांपासून म्हणून राहिली, जरा चूप बसा, तं त्याची कोणी बातमी नाही लावली."

सगळे हसले. मामाजीही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या अकरा सेकंदांपेक्षा मोठं काहीतरी मी तीन आठवडे पोटात घेऊन फिरत होते.

चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागणं मी धरत नाही. तेवढं सगळेच म्हातारे करतात. त्या सकाळचं वेगळं होतं. मामाजी माझ्या अडीच वर्षांच्या अस्मिताला घेऊन दूध आणायला गेले, नेहमीसारखे, आणि दुधाची पिशवी घेऊन एकटेच परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली, पेपर उघडला.

"अस्मिता कुठे आहे?" मी विचारलं.

"झोपली असन," ते म्हणाले, पेपरातून डोकं न काढता.

मी अनवाणी धावले. रुपरावच्या किराणा दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. एक सँडल पायात, एक नाही, हातात बिस्किट. समोरून वाळूचे ट्रक जात होते. रुपराव आतून म्हणाला, "काका गेले का? मले वाटलं हेथंच हायेत." मी तिला उचललं आणि तीच मला घट्ट धरून बसली.

घरी आले तेव्हा मामाजी दारात उभे होते. माझ्या कडेवर तिला पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. भिंतीला धरून खाली बसले. "धम्मदीपले सांगू नको वं माय," म्हणाले. "लोकाहिचं लई काम रायलं हाये माझ्याकडून."

मी हो म्हटलं. लग्नानंतर मला एम.एस्सी. पूर्ण करायचं होतं आणि घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, तेव्हा ॲडमिशनच्या रांगेत माझ्यासाठी दोन तास उभे राहिलेले ते होते. नाही कसं म्हणणार? पण त्या दिवसापासून अस्मिताला मी त्यांच्याजवळ एकटं सोडलं नाही. ते अंगणात गेले की मी कपडे वाळत घालायला अंगणात. ते गच्चीवर, तर मीही गच्चीवर. त्यांनी ते कधी विचारलं नाही.

माझा नवरा धम्मदीप वडिलांचा प्रचार सांभाळत होता. व्हिडिओ चालल्यावर तो दोन दिवस जेवला नाही, मग त्यानेच त्या सदरच्या चॅनलला फोन लावला. "बाबांना घरी येऊन पाहा," म्हणाला. "मग दाखवा काय दाखवायचं ते."

अर्ज मागे घ्यायच्या मुदतीला एक दिवस उरला असताना सकाळी ते लोक आले. हर्षा नावाची बातमीदार, माझ्याच वयाची, आणि कॅमेरा घेतलेला श्रीधर. मामाजी पांढऱ्या शर्टात, वर सिंधूताईंनी विणलेला निळा स्वेटर, खुर्चीत ताठ बसले होते.

"तू कोणाची वं पोरी?" त्यांनी हर्षाला विचारलं.

"मी कळमेश्वरची, काकाजी. लहानूजी वासनिकांची नात."

"बस, बस. ओळखतो मी त्याले."

मग धम्मदीप म्हणाला, "बाबा, छप्पन सालचं सांगा ना." आणि मामाजींनी सांगितलं. आठ वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते, वडिलांच्या केसांना उन्हाचा वास येत होता. सांगता सांगता त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरण म्हटलं. मग पंचशील. मग बावीस प्रतिज्ञा. एकही शब्द अडखळला नाही, एकही पुढे-मागे झाला नाही. दाराशी शेजारची माणसं जमली होती, ती हात जोडून उभी राहिली. सिंधूताईंनी पदर डोळ्यांना लावला. श्रीधरने कॅमेऱ्यामागून मान हलवली, वा म्हणून.

"आता बोला म्हणा त्याहिले!" दारातून कोणीतरी ओरडलं. "याले म्हणतात मेमरी!"

क्षणभर माझाही ऊर भरून आला. मग वाटलं, हे शब्द त्यांच्यात इतके खोल आहेत की तिथवर विसरणं पोचायला अजून वेळ आहे. उद्या ते माझं नाव विसरतील, तरी हे म्हणतील. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असा एखादा म्हातारा होऊन गेला आहे. तरी आम्ही सगळे ते पाठांतरच प्रमाणपत्र म्हणून धरून बसलो होतो.

मामाजींनी डोळे उघडले, हर्षाकडे पाहून प्रेमाने हसले आणि म्हणाले, "तू कोणाची वं पोरी?"

हर्षाही हसली. तिला ती माया वाटली.

"आता एक शेवटचं," ती माझ्याकडे वळली. अस्मिता माझ्या कडेवर होती. "ताई, तुम्ही या घरच्या सून. लेकरू काकाजींच्या भरवशावर बिनधास्त सोडता ना?"

कॅमेऱ्यामागे धम्मदीपने मला मान डोलावून दाखवली. सोपा प्रश्न होता. एका शब्दाचं उत्तर.

"नाही," मी म्हटलं.

"मेघा!" धम्मदीप.

"नाही सोडत मी."

हर्षाने माइक अजून जवळ आणला. पण तिच्याआधी मामाजी बोलले. "काहून वं, मेघा? मी काही केलं का?"

मला वाटलं, ते सावरून घेत आहेत. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे सावरणं नव्हतं. ते खरंच विचारत होते. पायरी, ट्रक, मला घातलेली गळ, सगळं पुसलं गेलं होतं. तीन आठवडे जे आम्हा दोघांचं आहे असं समजून मी जपत होते, ते माझं एकटीचं होतं.

"कॅमेरा बंद करा," मी म्हटलं.

"ताई, एवढं तरी..."

"बॅटरी गेली, मॅडम," श्रीधर म्हणाला आणि कॅमेरा खाली ठेवला. त्याचा लाल दिवा चालूच होता, मग त्याने तोही बंद केला. सिंधूताईंनी उठून दार लोटून घेतलं.

मी मामाजींसमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. दूध, पेपर, 'झोपली असन', पायरी, एक सँडल. धम्मदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता. मामाजी ऐकत होते, एखाद्या दुसऱ्याच माणसाची तक्रार घेऊन कोणी आलं की ऐकतात तसे, पुढे वाकून.

"मंग सापडली ना पोरगी?"

"हो, मामाजी. ही काय."

त्यांनी अस्मिताच्या पावलाला हात लावला, नुसता. मग त्यांनी विचारलं, "अर्ज मांगं घ्याची मुदत कधीपर्यंत हाये?"

"उद्या. तीन वाजेपर्यंत," मी म्हटलं.

"बाबा!" धम्मदीप वळला. "एका दिवसाचं आहे ते. कोणाचंही होते."

"एका दिवसात टरक खाली येते पोरगी," मामाजी म्हणाले. "मेघा, लिहून दे मले. नाहीतर भुलून जाईन."

समोर प्रचाराचं पत्रक होतं, त्यांचा फोटो, खाली 'अनुभवी नेतृत्व'. मी ते उलटं केलं आणि लिहायला लागले : उद्या तीन वाजेपर्यंत...

"उद्या नको लिहू," ते म्हणाले. "उद्या वाचीन तं पुन्हा उद्याच वाटन. तारीख टाक आन 'आज' लिही. आन काहून, तेही लिही. नाहीतर सकाळी कोणी समजावन आन मी आयकून घेईन."

ते कारण माझ्याने लिहवेना. शेवटी त्यांनीच सांगितलं आणि मी उतरवलं : मी अस्मिताले रस्त्यावर सोडून आलो. मले ते आठवत नाही. खाली त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

निघताना हर्षा दारात घुटमळली. "ताई, शेवटचं मी दाखवणार नाही," म्हणाली. "पण आधीचं तर दाखवावं लागन. ऑफिसात वाट पाहून राहिले."

तिने शब्द पाळला. संध्याकाळी चॅनलवर तेवढंच आलं : निळा स्वेटर, जोडलेले हात, बावीस प्रतिज्ञा. पट्टी हिरवी होती. 'अकरा सेकंदांना सडेतोड उत्तर! प्रेमानंदजी एकदम फिट!'

सकाळी नऊलाच अंगणात पन्नास माणसं होती. हार, ढोल, गुलाल. रुपरावसुद्धा आला होता. मामाजी दाराशी उभे, चेहरा उजळलेला, एकेकाला नावाने हाक मारत होते आणि नावं चुकत नव्हती. शर्ट कालचाच होता. हात खिशाकडे एकदाही गेला नव्हता.

धम्मदीपने मला स्वयंपाकघरात गाठलं. त्याचे डोळे रात्रभर न झोपल्याचे. "मेघा, तुझ्या पाया पडतो. फक्त तीन वाजेपर्यंत चूप राहा. मग मी स्वतः त्याहिले डॉक्टरकडे नेतो. पाहून राहिली ना, किती खूश आहेत ते? मरेपर्यंत हेच पाहिजे होतं त्याहिले."

मी पाहत होते. म्हणूनच बोलवत नव्हतं. माझ्या एका गप्प बसण्याने त्या माणसाचा आनंद टिकणार होता. पण मग पाच वर्षं अख्ख्या प्रभागाने कुणाच्या भरवशावर राहायचं? कालचं ते जे काही ठरलं, ते शुद्धीवर असलेल्या माणसाने ठरवलं होतं, आणि सांभाळायला माझ्याकडे दिलं होतं.

मी अस्मिताला कडेवर घेऊन अंगणात गेले. लोकांनी वाट दिली.

"मामाजी, खिशातलं वाचा."

"काय हाये वं खिशात?"

"वाचा तर."

त्यांनी पत्रक उलगडलं, आधी स्वतःचा फोटो पाहिला, मग पालटलं. ओठ हलत होते. वाचून झालं, पुन्हा वरून वाचलं. सहीवर अंगठा फिरवला. मला वाटलं मला विचारतील. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथे धम्मदीप उभा होता.

"हे खरं हाये का गा?"

ढोल वाजत होता. धम्मदीपचा एक शब्द, आणि तो कागद खोटा ठरला असता. त्याने अस्मिताकडे पाहिलं. ती हारातलं एक फूल तोडून खाऊ पाहत होती. त्याने पुढे होऊन ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"हो, बाबा," तो म्हणाला. "खरं आहे."

"मंग गाडी काढ."

गाडी निघाली तशी लोकांना वाटलं, प्रचाराला निघाले. कोणीतरी गुलाल उधळला. मामाजी पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी कागद धरून बसले होते आणि अख्खी गल्ली गाडीमागे धावत ओरडत होती, "प्रेमानंदजी आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!"